ताटातले यिन आणि यांग

पारंपरिक चिनी वैद्यकाचा आहारविचार मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात कितपत उपयोगी?

छत्रपती संभाजीनगरात ‘चायनीज’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर उभी राहते ती सायंकाळची हातगाडी. मोठ्या आचेवरची काळी कढई, तांबडा सॉस, मंचुरियन आणि नूडल्सचा ढीग. गुलमंडीपासून कॅनॉट प्लेसपर्यंत हे चित्र सारखेच आहे. मात्र या पदार्थांचा चीनमधील आरोग्यविषयक आहारविचाराशी संबंध नावापुरताच आहे. पारंपरिक चिनी वैद्यकाने सांगितलेला आहार याच्या अगदी उलट टोकाला उभा आहे. तो ताजा आणि मऊ शिजवलेला असतो, बेताच्या तेलाचा असतो, ऋतूप्रमाणे बदलतो आणि पोटात थोडी जागा शिल्लक असतानाच ताटावरून उठायला सांगतो.

हा विचार समजून घेण्यासाठी चीनला जाण्याची किंवा तेथील दुर्मिळ वनस्पती मागविण्याची गरज नाही. मूग, आले, तीळ, काकडी, लसूण, तांदूळ अशा परिचित वस्तूंवरच त्याची बरीच उभारणी झाली आहे. प्रश्न आहे तो वेगळाच. या विचारातील कोणती गोष्ट बिनधोक स्वीकारावी आणि कोठे थांबावे, हे समजले नाही तर मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला चांगल्या हेतूने दिलेला सल्लाही महागात पडू शकतो.

सुईबरोबर आलेला सल्ला

महाराष्ट्राचा आणि चिनी वैद्यकाचा संबंध नवा नाही. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. कोटणीस यांचे ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निधन झाले. याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून परतले आणि भारतात या पद्धतीचा पाया त्यांनी घातला.

पुढे या विद्येची जी केंद्रे महाराष्ट्रात उभी राहिली, त्यांत तेव्हाच्या औरंगाबादचे नाव घ्यावे लागते. इंडियन अकॅडमी ऑफ अ‍ॅक्युपंक्चर सायन्स ही संस्था याच शहरातली. राज्याने २०१५ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या उपचारपद्धतीला मान्यता दिली.

तथापि या कायद्याचा विषय सुईचा उपचार हा आहे. सुईबरोबर रुग्णाला जो आहाराचा सल्ला मिळतो, उदाहरणार्थ ‘थंड पाणी टाळा’, ‘कच्चे कमी खा’, ‘गोड जपून खा’, तो मूळ चिनी वैद्यकाच्या दुसऱ्या मोठ्या शाखेतून, म्हणजे आहारचिकित्सेतून येतो. या शाखेची ओळख आपल्याकडे फारच थोड्यांना आहे.

आधी अन्न, मग औषध

झोउ राजवटीच्या कारभाराचे वर्णन करणाऱ्या ‘झोउ ली’ या प्राचीन ग्रंथात राजदरबारातील चार प्रकारचे वैद्य सांगितले आहेत: आहारवैद्य, रोगवैद्य, व्रणवैद्य आणि पशुवैद्य. यात आहारवैद्याचे नाव सर्वांत आधी येते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांच्या सुमारास संकलित झालेला ‘हुआंगदी नेइजिंग’ हा चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ. धान्याने शरीराचे पोषण करावे आणि फळे, मांस व भाज्या यांनी त्याला जोड द्यावी, अशी चौरस आहाराची कल्पना त्यात आढळते. सातव्या शतकातील थोर वैद्य सुन सिमियाओ यांनी तर क्रमच ठरवून दिला. रोगाचे कारण ओळखावे, प्रथम आहाराने उपचार करावा आणि आहाराने गुण आला नाही तरच औषधाकडे वळावे, असा त्यांचा दंडक होता. १३३० मध्ये मंगोल सम्राटाच्या दरबारातील आहारतज्ज्ञ हू सहुइ यांनी पथ्यकर अन्नावर स्वतंत्र ग्रंथ सादर केला. ली शिजेन यांचा ‘बन्साओ गांगमू’ हा कोश १५७८ मध्ये पूर्ण झाला आणि १५९६ मध्ये छापून बाहेर पडला. त्यातील १,८९२ द्रव्यांत धान्ये, भाज्या, फळे आणि मसाले यांना मोठे स्थान आहे.

याच काळाच्या आरंभी भारत आणि चीन यांची या विषयात देवघेवही झाली. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी प्रवासी महाराष्ट्रात आला होता. त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार म्हणजे अजिंठाच असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच्यानंतर आलेल्या इत्सिंगने भारतीयांच्या आरोग्यविषयक सवयी बारकाईने टिपल्या. दुखण्याची चाहूल लागताच लंघन करण्याची येथील रीत त्याला विशेष भावली होती.

पाच गुण, पाच चवी

आधुनिक आहारशास्त्र अन्नाकडे उष्मांक, प्रथिने, स्निग्धांश आणि जीवनसत्त्वे यांच्या रूपात पाहते. चिनी वैद्यक पाहते ते अन्न खाल्ल्यानंतर शरीरात जाणवणाऱ्या परिणामाच्या रूपात. यिन म्हणजे शीतलता, ओलावा, विसावा. यांग म्हणजे उष्णता, गती, चेतना. या दोहोंचा तोल राहिला की शरीरातील ‘छी’ ही जीवनशक्ती सुरळीत वाहते, अशी या शास्त्राची मूळ धारणा आहे.

त्यानुसार प्रत्येक पदार्थाचा एक गुण ठरतो: थंड, शीतल, सम, उबदार किंवा उष्ण. येथे थंड म्हणजे शीतकपाटातला नव्हे. कलिंगड उन्हात तापलेले असले तरी ‘थंड’च आणि मिरे गार असले तरी ‘उष्ण’च. कलिंगड व कारले थंड, मूग व काकडी शीतल, तांदूळ सम, आले व लसूण उबदार, तर सुंठ व दालचिनी उष्ण मानली जाते. मटणाची गणना उबदार पदार्थांत होते.

कृतीने गुण बदलतो, ही या विचारातील महत्त्वाची बाब. ओले आले उबदार, पण वाळून सुंठ झाले की उष्ण. कच्चा मुळा शीतल, शिजवला की सम. संत्रे तहान भागविते, ओलावा देते. पण त्याच वर्गातील फळांची वाळवून मुरवलेली साल चिनी वैद्य पोटफुगी आणि कफावर उबदार द्रव्य म्हणून वापरतात. एकाच फळाचा गर आणि साल परस्परविरुद्ध कामी येतात.

गुणाच्या जोडीला पाच चवी आहेत. आंबट चव ओलावा धरून ठेवते व यकृताशी जोडली जाते. कडू चव उष्णता उतरवते, तिचे नाते हृदयाशी. गोड चव पोषण करते व प्लीहेकडे जाते. तिखट चव घाम आणते, साचलेले मोकळे करते व फुप्फुसाशी निगडित असते. खारट चव कठीण ते मऊ करते आणि मूत्रपिंडाकडे जाते. कोणत्याही चवीचा अतिरेक त्याच अवयवाला किंवा त्याच्याशी संबंधित दुसऱ्या अवयवाला बाधतो, असे ग्रंथ बजावतात. खारटाचा अतिरेक रक्ताला व नाडीला बाधतो, हे निरीक्षण दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खाण्यास सांगते, ते प्रामुख्याने रक्तदाबामुळेच.

‘प्लीहे’चा घोटाळा

चिनी आहारविचाराचे केंद्र म्हणजे जठर आणि प्लीहा. मात्र ही प्लीहा म्हणजे डाव्या बरगडीखालचा, आधुनिक शरीरशास्त्रातील अवयव नव्हे. अन्नापासून छी व रक्त तयार करणारी, पचनाची समग्र शक्ती म्हणजे चिनी वैद्यकातील प्लीहा. आयुर्वेदातील अग्नीच्या कल्पनेशी तिचे बरेच साम्य आहे. जठर हे चुलीवरचे भांडे आणि प्लीहा ही खालची धग, असे रूपक तेथे वापरले जाते. भांड्यात सतत बर्फाचे पाणी, कच्चे अन्न, तेलकट आणि अतिगोड पदार्थ पडत राहिले तर धग मंदावते. मग पोट जड होणे, सुस्ती, जिभेवर जाड पांढरा थर अशी ‘ओलसरपणा’ची लक्षणे दिसतात, असे वैद्य सांगतात.

म्हणूनच आजारी, वृद्ध व बाळंतीण यांना चीनमध्ये तांदळाची पातळ, मऊ पेज देतात. तिच्यात प्रकृतीनुसार आले, मूग, कमळबी किंवा खजुरासारखे चिनी बोर घालतात. मराठवाड्यातील ज्वारीच्या कण्या, आंबील, मुगाची खिचडी ही याच कुळातली. तापातून उठलेल्या माणसाला असे अन्न मानवते, याबाबत आजीबाईचा बटवा आणि चिनी वैद्य यांचे एकमत व्हावे.

धोका सुरू होतो तो इथून पुढे. ‘गोड चव प्लीहेला बळ देते’ हे वाक्य मधुमेही व्यक्तीने साखर, गूळ किंवा मध यांना मिळालेला परवाना समजू नये. ग्रंथातील गोड चव ही मुख्यतः धान्ये, कंदमुळे, डाळी यांची आहे. शिवाय दीर्घकाळ शिजवलेल्या तांदळाच्या पेजेतील पिष्ट लवकर पचते आणि रक्तातील साखर झपाट्याने वाढवते. मधुमेहींसाठी ती रोजचा नाश्ता होऊ शकत नाही. त्यांनी डाळ, पालेभाजी आणि मोजकी भाकरी हाच मार्ग धरावा. पेज आजारपणात घ्यायची झाल्यास डॉक्टरांनी सांगितलेली औषधे व रक्तशर्करेची तपासणी सांभाळूनच घ्यावी.

मराठवाड्याचे ऋतू आणि चिनी पंचांग

चिनी वैद्यकात ऋतू पाच आहेत: वसंत, ग्रीष्म, उत्तर-ग्रीष्म, शरद आणि हेमंत. यातील उत्तर-ग्रीष्म हा उष्ण आणि दमट काळ मराठवाड्यातील पावसाळ्याशी जुळतो. चीनचे वेळापत्रक जसेच्या तसे येथे लागू होत नाही. पण बाहेरच्या हवेला ताटाने उत्तर द्यावे, हे सूत्र मात्र येथेही लागू पडते.

उन्हाळा: एप्रिल-मे महिन्यांत संभाजीनगरचे तापमान चाळिशीच्या घरात जाते आणि हवा कोरडी असते. चिनी घरांत या दिवसांत मुगाचे पातळ सार प्यायले जाते. येथे मुगाचे कढण, काकडी, दुधी, दोडका, कलिंगड हे पदार्थ तेच काम करतात. चिनी ग्रंथांच्या मुख्य प्रवाहात दूधदुभत्याला फारसे स्थान नाही, त्यामुळे ताकाची जागा रिकामीच राहते. ती मराठी ताटाने खुशाल भरावी. बर्फ घातलेला उसाचा रस आणि गोळा यांना मात्र चिनी वैद्य नापसंत करतील. उन्हातून आल्यावर साधे किंवा माठातले पाणी घोटघोट प्यावे, असे ते सांगतील.

पावसाळा: दमट हवेत पचन मंदावते, म्हणून हलके, गरम, ताजे शिजवलेले अन्न आणि त्यात आले, हिंग, जिरे यांचा वापर करावा. नेमकी याच दिवसांत भज्यांची आठवण होते. चिनी दृष्टीने तळलेले आणि गोड पदार्थ ओलसरपणा वाढवितात. एखाद्या सायंकाळची भजी वेगळी, रोजचा शिरस्ता वेगळा.

शरद: चीनमध्ये हा कोरडेपणाचा, फुप्फुसे जपण्याचा काळ. कोरड्या खोकल्यावर तेथे खडीसाखरेसह शिजवलेले नासपती देतात. मराठवाड्यात पाऊस सरल्यावर ऑक्टोबरचे ऊन तापते. मोसंबी, पेरू, सीताफळ ही फळे याच सुमारास बाजारात येऊ लागतात. दिवाळीच्या फराळानंतर चार दिवस साधे वरण-भात, भाजी खाऊन पोटाला विश्रांती देणे हे दोन्ही परंपरांना मान्य होईल.

हिवाळा: थंडीत यांग जपायचा. झांग झोंगजिंग या हान काळातील वैद्याचे आले घालून केलेले मटणाचे सार प्रसिद्ध आहे. शहराची ओळख असलेला नानखलिया हिवाळ्यात अधिक मानवावा, हे या हिशेबात बसते. मात्र त्यावरील तेलाचा तवंग बसत नाही. शाकाहारी घरांत बाजरीची भाकरी, मेथी, तीळ, लसणाची चटणी आहेच. शेतावरच्या हुरड्याचीही गोष्ट तशीच. तो गरम, ताजा, सावकाश चावून खाल्ला जातो आणि सोबत चटणी असते.

तीन परंपरा, एक संवाद

संभाजीनगरसारख्या शहरात आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही परंपरा शेजारी नांदत आल्या आहेत. आयुर्वेदात शीत व उष्ण वीर्य आहे. युनानीत पदार्थांची प्रकृती गरम, सर्द, तर, खुश्क अशी सांगतात. चिनी वैद्यकाची भाषा त्यामुळे येथील कानांना परकी वाटत नाही. फरक तपशिलात आहे. आयुर्वेद सहा रस मानतो, चिनी वैद्यक पाच. तुरट ही स्वतंत्र चव तेथे नाही, ती आंबटाच्या गटात जाते. आयुर्वेदाचा हिशेब वात-पित्त-कफाचा, चिनी वैद्यकाचा यिन-यांग आणि काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू, जल या पाच तत्त्वांचा. त्यामुळे एकाच पदार्थाबद्दल मतभेद होऊ शकतात. एका परंपरेची यादी दुसरीत मिसळली की गोंधळ वाढतो.

तिन्ही परंपरा मात्र एक प्रश्न समान विचारतात. पदार्थ चांगला की वाईट, हा तो प्रश्न नव्हे. कोणासाठी, कधी आणि किती, हा तो प्रश्न होय. घामाघूम होणाऱ्या, सतत तहानलेल्या माणसाला आल्याचा कडक चहा आणि हातपाय गार पडणाऱ्या, जुलाब होणाऱ्या माणसाला काकडीची कोशिंबीर हे दोन्ही सल्ले या दृष्टीने चुकीचे ठरतात.

विज्ञानाच्या कसोटीवर

छी, यिन-यांग या संकल्पना प्रयोगशाळेत मोजता येत नाहीत. ‘उष्ण’ वा ‘शीत’ पदार्थांमुळे विशिष्ट रोग बरा होतो, असा ठोस पुरावा बहुतेक बाबतींत उपलब्ध नाही. निरोगी माणसाचे गार पाण्याने पचन बिघडते, हेही सिद्ध झालेले नाही. परंतु या विचारातून आलेल्या अनेक सवयींना स्वतंत्र आधार आहे. कमी मीठ, भरपूर शिजवलेल्या भाज्या, डाळी, बेताचे तळण, रात्री हलके जेवण आणि सावकाश चावणे यांचा आरोग्याला लाभच होतो.

उकळलेले कोमट पाणी पिण्याच्या चिनी सवयीचे उदाहरण बोलके आहे. त्याने ‘छी’ वाढते की नाही, हा वाद बाजूला ठेवला तरी पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात. ज्या शहरात अनेक वर्षे काही दिवसांआड नळाला पाणी येत आले आणि घरोघरी ते साठवावे लागले, तेथे या एका सवयीचे मोल मोठे आहे.

परंपरा आपोआप संरक्षण करते, असेही नाही. जगात मधुमेहींची सर्वाधिक संख्या चीनमध्येच आहे आणि भारत त्याच्या पाठोपाठ आहे. बैठे काम, वाढते वजन आणि बदललेले अन्न यांच्यापुढे केवळ जुन्या ग्रंथांचा अभिमान पुरा पडलेला नाही.

अन्न आणि औषधी वनस्पती यांतील सीमारेषा तर कटाक्षाने पाळावी लागते. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटविण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींच्या गोळ्यांत चुकीची वनस्पती मिसळली गेली. तीतील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लामुळे शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली किंवा त्यांना गंभीर इजा झाली. असंख्य चिनी काढ्यांत असलेले ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढवते आणि शरीरातील पोटॅशियम घटवते. याउलट तू यूयू यांनी प्राचीन ग्रंथातील नोंदीवरून हिवतापावरील आर्टेमिसिनिन शोधले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. मात्र ते वनस्पतीतील घटक वेगळा काढून, मात्रा ठरवून, कसून तपासल्यानंतरच औषध झाले.

घरात काय करता येईल?

– न्याहारी टाळू नये. चिनी घड्याळात सकाळी ७ ते ९ ही जठराची वेळ मानली जाते. दुपारचे जेवण पुरेसे आणि रात्रीचे हलके, लवकर असावे.
– पोट सत्तर-ऐंशी टक्के भरले की थांबावे.
– ताटात बहुतांश अन्न ताजे, शिजवलेले असावे. कोशिंबीर व फळे सोडण्याचे कारण नाही. ती ऋतूप्रमाणे आणि पचनशक्ती पाहून घ्यावीत.
– पाचही चवी थोड्या थोड्या असाव्यात. कारले, मेथी यांच्या रूपाने कडू चवीला स्थान द्यावे. मीठ व साखर मोजून वापरावी.
– थंड गुणाच्या पदार्थाला उबदार जोड द्यावी. चीनमध्ये खेकड्याबरोबर आले देतात. येथे काकडीच्या कोशिंबिरीला जिरे-हिंगाची फोडणी देतात.
– पावसाळ्यात आणि साठवणीचे पाणी असेल तेव्हा ते उकळूनच प्यावे.

हे टाळावे

– आहार बदलला म्हणून इन्सुलिन, मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइडच्या गोळ्या स्वतःहून बंद वा कमी करू नयेत.
– रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना आले, लसूण, हळद यांचे अर्क किंवा गोळ्या, तसेच डांगग्वेई, गोजी बेरी ही चिनी द्रव्ये डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भाजी-आमटीतील नेहमीचे प्रमाण वेगळे.
– मूत्रपिंडाच्या रुग्णांनी फळे, डाळी, सार यांचे प्रमाण आपल्या तज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावे.
– गर्भवती, स्तनदा माता व लहान मुले यांना घटक न लिहिलेले चूर्ण वा काढे देऊ नयेत.
– वजन अकारण घटणे, शौचावाटे रक्त, सततचा ताप किंवा छातीत दुखणे ही ‘उष्णता वाढल्याची’ लक्षणे समजून घरी बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

सुन सिमियाओ यांनी आहार आधी आणि औषध नंतर असा क्रम सांगितला. पण त्याही आधी त्यांनी रोगाचे कारण ओळखण्याची अट घातली होती. आज ते ओळखण्यासाठी रक्ततपासणी आहे, रक्तदाबमापक आहे, डॉक्टर आहेत. ती पायरी ओलांडून थेट ताटाकडे वळणे हे त्या परंपरेलाही धरून होणार नाही. कारण एकदा कळले की मग मूग, आले, भाकरी आणि ऋतूचे फळ यांना आपले काम करू द्यावे.